बाटलीवाल्याचे चरित्र आणि आमच्या सुताराचा वाकस

गेल्या महिन्यात तालुक्याच्या गावी आम्हां प्राथमिक शिक्षकांचे दोन दिवसांचे शिबिर भरले होते. विषय होता, ‘मुलांत उद्योगवृत्ती कशी वाढवावी.’ विषय चांगला. आमच्या जालना जिल्ह्यातल्या खेड्यांत बापाची चार एकर कोरडवाहू जमीन तीन भावांत वाटली जाते आणि पोरे भरतीच्या जाहिरातीची वाट पाहत पारावर बसतात. तेव्हा धंद्याची गोष्ट कोणी सांगत असेल तर ती आम्हांस हवीच आहे. परंतु शहराहून आलेल्या वक्तेमहाशयांनी नमुना म्हणून आमच्यापुढे उभा केला कोण? तर एडवर्ड डायर नावाचा एक इंग्रज दारूवाला! त्याने डोंगरात बिअरची भट्टी घातली, एकाच्या सहा केल्या, पुढे मीकिनसाहेबाने त्या वाढविल्या, पुढे मोहन नावाच्या हिंदी गृहस्थाने त्या ताब्यात घेऊन केवढा कारखाना उभारला, हे सर्व त्यांनी रंगवून सांगितले आणि शेवटी म्हणाले, “असे एक तरी रत्न आपल्या शाळेतून निघाले पाहिजे.”

टाळ्या पडल्या. खोटे कशाला सांगावे, आम्हीही टाळ्या वाजविल्या. सभोवती पन्नास जण टाळ्या पिटीत असता आपले हात मांडीवर ठेवण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. लाज वाटली ती संध्याकाळी एस. टी. त बसल्यावर, कारण त्याच आठवड्यात आमच्या शाळेत एक गोष्ट घडली होती. ती पुढे सांगू. आधी त्या डायरसाहेबाचे चरित्र पुरे करू. वक्त्यांनी अर्धे सांगितले. राहिलेले अर्धे शेतकऱ्याने आणि कारागिराने ऐकले पाहिजे.

डायरची भट्टी सिमल्याच्या बाजूला कसौली येथे निघाली. ती कंपनी आपले जन्मवर्ष १८५५ सांगते. त्या काळी हिंदुस्थानात गोऱ्या पलटणी ठिकठिकाणी बसविलेल्या होत्या आणि गोऱ्या शिपायाला बिअर लागे. ती विलायतेहून गलबतांतून येई. सुवेझचा कालवा १८६९ साली खुला झाला. त्याआधी आफ्रिकेला वळसा घालून यायला महिनेच्या महिने लागत. माल महाग पडे, वाटेत बिघडे. डायरने ताडले की ही वस्तू इथेच थंड हवेत केली तर गिऱ्हाईक पलटणीत तयार बसले आहे. ही हुशारी आम्ही नाकारीत नाही.

आणि त्याच्या विद्येची थट्टाही आम्ही करणार नाही. बिअर म्हणजे काय? सातू भिजवायचे, आपण मटकीला आणतो तसे मोड आणायचे, मोड वाळवून भरडायचे, गरम पाण्यात त्याचा गोडवा उतरवून घ्यायचा, हॉप नावाच्या फुलांचा कडूपणा घालून उकळायचे आणि निवल्यावर त्यात किण्व सोडायचे. मग थंडीत मुरत ठेवायचे. बर्फाची यंत्रे सर्वत्र नव्हती, तेव्हा ही थंडी डोंगरच देई. उष्णता किती, वेळ किती, पाणी कसे, हे सर्व हाताला आणि जिभेला कळावे लागते. हाताने येणारी विद्या ती विद्याच. जे लोक पोथी पाठ करण्यास विद्या म्हणत आले आणि कुंभाराच्या आव्याला, रंगाऱ्याच्या कढईला अडाण्याचे काम म्हणत आले, त्यांची री आम्ही ओढणार नाही.

कसौलीहून भट्टी लवकरच सोलनला गेली. का गेली? तर सोलनला झऱ्याचे पाणी मुबलक होते. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. भट्टी पाण्याच्या मागे जाते. पुढे सिमला, मरी, रावळपिंडी, क्वेट्टा, ब्रह्मदेशात मंडाले अशी डायरची नावे वाढत गेली. नकाशा काढून पाहावे. पुष्कळ ठिकाणी शेजारी छावणी आहे. बाजार मिळविण्यासाठी या उद्योगपतीला दारोदार हिंडावे लागले नाही. त्याचे गिऱ्हाईक सरकारी पगारावर, सरकारी बराकीत राहत होते आणि तो पगार रयतेच्या साऱ्यातून निघत होता. ‘शून्यातून विश्व’ असे वक्ते म्हणाले. शून्याच्या पाठीशी एवढी मोठी फौज असेल तर त्यातून विश्व निघायचेच!

मरी येथेच ९ ऑक्टोबर १८६४ रोजी या डायरला एक मुलगा झाला, त्याचे नाव रेजिनाल्ड. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत निःशस्त्र जमावावर १६५० गोळ्या झाडविणारा जनरल डायर तो हाच. सरकारनेच मेलेल्यांचा आकडा ३७९ कबूल केला, लोकांचा आकडा त्याहून फार मोठा. हे वक्त्यांनी सांगितले नाही. सांगावयास हवे होते असेही आमचे म्हणणे नाही. मुलाचे पाप बापाच्या माथी मारणे आणि बापाचे पुण्य मुलाच्या खाती लिहिणे, हा जन्मावरून माणूस जोखण्याचा धंदा आम्ही केव्हाच टाकला आहे. बाप भट्टी चालवीत होता, मुलाने बंदूक चालविली; ज्याचे त्याच्यापाशी. पण या घराण्याचे नाव मुलांपुढे घ्यायचे असेल तर मुले विचारणार, आणि शिक्षकाजवळ उत्तर असावे.

१८८७ साली सिमला आणि कसौलीच्या जुन्या भट्ट्या एच. जी. मीकिन याने डायरकडून विकत घेतल्या. मीकिन हा विलायतेतील दारू गाळणाऱ्या घराण्यातला. त्याने आणखी भट्ट्या घातल्या, त्यांतली एक आपल्या पुण्याजवळच्या खडकीस. खडकीसही छावणीच! एकोणिसाव्या शतकात आमच्या जालन्यासही इंग्रजांची छावणी होती, आणि छावणी असते तिथे दारूचा गुत्ता असतोच, हे आमच्या आजोबा-पणजोबांना कोणी शिकवावे लागले नाही.

आता राहिलेले अर्धे चरित्र.

डायर, मीकिन यांच्या भट्ट्या वाढत होत्या तेव्हा आपल्या कलालाचे, भंडाऱ्याचे काय चालले होते? कलाल मोहाची फुले आंबवून गाळीत असे, कोकणात भंडारी माडाची ताडी काढीत असे. मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा झाला. त्या कायद्याने घरची, गावची गाळणी गुन्हा ठरली. सरकारी परवाना घेऊन मोठ्या भट्टीत काय गाळायचे ते गाळा, असे झाले. उरणला पारशी मालकांच्या भट्ट्या भरभराटीस आल्या आणि खेड्यातला कलाल फौजदाराच्या पुढे उभा राहिला. १८९२ साली तर ठाणे-कुलाबा भागात मोहाची फुले जवळ बाळगण्यावरही कायद्याने बंधन आले. जंगलातल्या माणसाला मोहाचे फूल हे उपासमारीतले अन्न होते. झाडाखाली पडलेले फूल वेचले म्हणून चोर! आणि सातू शिजवून छावणीत पोचविले म्हणून उद्योगपती! दोघांचा धंदा एक, दोघांचे मडके एक. एकाच्या मडक्यावर सरकारचा शिक्का होता आणि दुसऱ्याच्या नव्हता.

आमचा मुलूख त्या वेळी निजामाकडे होता, म्हणून इथे इंग्रजी कायदा नव्हता. पण इथे तरी काय होते? शेतकऱ्याच्या बांधावर शिंदीचे झाड उभे असले तरी त्याचा रस काढण्याचा हक्क सरकारचा, आणि सरकारकडून तो गुत्तेदाराचा. झाड आपले, बांध आपला, रस त्याचा. अबकारीचे उत्पन्न निजामाच्या तिजोरीत मोठे होते, म्हणून १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात मराठवाड्यातील गावोगावच्या लोकांनी शिंदीची बने तोडली. आमच्या भागातले म्हातारे अजून परवापर्यंत त्या रात्रींच्या गोष्टी सांगत असत: कुऱ्हाडी कोणी लपविल्या, पहाऱ्यावर कोण होते. राज्याची नाडी कुठे आहे हे त्या अडाणी म्हणविल्या गेलेल्या लोकांना बरोबर कळले होते.

कोणी म्हणेल, म्हणजे तुम्हांस कलालाची भट्टी परत पाहिजे काय? मुळीच नाही. दारू गावची असो की कारखान्याची, तिने कुणब्याचा बैल आणि कारागिराचे हत्यार खाल्ले आहे. पुणे नगरपालिकेचे सभासद असता १८८० साली जोतीराव फुल्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली, ती उगीच नव्हे. आमचे म्हणणे एवढेच की तराजू एक असावा. दारू वाईट असेल तर डायरची वाईट. आणि दारू काढणे ही उद्योगवृत्ती असेल तर ज्या कलालाच्या नातवाला आजही पोलीसपाटील संशयाने पाहतो, त्याच्या आजोबाचेही चरित्र शिबिरात सांगा.

१९४९ सालाकडे पाहा. या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा अमलात आला, आणि डायर-मीकिन कंपनी नरेंद्रनाथ मोहन यांनी गोऱ्यांकडून आपल्या ताब्यात घेतली. मोहन कर्तबगार होते यात शंका नाही. गाझियाबादजवळ त्यांनी मोहननगर वसविले, दारूबरोबर फळांचे रस, न्याहारीचे पोहे, काच असे नाना उद्योग काढले, आणि पुढे कंपनीलाही मोहन मीकिन असे नाव मिळाले. गोऱ्याच्या हातची वस्तू देशी माणसाने घेतली याचा आनंद आम्हांसही आहे. पण त्याच वेळी मुंबई राज्यात पाड्यापाड्यावर हातभट्टीवर धाडी पडत होत्या आणि धाडीत सापडत होती ती माणसे कोण होती, हे कोणत्याही जुन्या कोर्टाच्या दप्तरात आडनावे वाचून कळेल. बंदी मडक्याला झाली, बाटलीला वाट मिळत राहिली, आणि पुढे १९६० नंतर महाराष्ट्रात बंदीही सैल होत गेली.

आता आमच्या दाराशी या.

भट्टी पाण्याच्या मागे जाते, हे वर सांगितले. छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचे औरंगाबाद, तिथल्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे मोठे कारखाने आहेत. त्यांचे पाणी जायकवाडीचे. जालना शहराची तहानही आता जायकवाडीवरच आहे. निजामकाळचा घाणेवाडीचा तलाव एकटा पुरा पडत नाही. २०१२-१३ चा दुष्काळ आमच्या जिल्ह्याने कसा काढला ते आम्ही पाहिले आहे. अंबड, बदनापूर, घनसावंगीकडच्या मोसंबीच्या बागा, ज्या लेकरासारख्या दहा-बारा वर्षे वाढविल्या, त्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने तोडल्या आणि सरपण म्हणून विकल्या. आमच्या शाळेत त्या उन्हाळ्यात दुपारनंतर मुली नसत. टँकर कधी येईल याचा नेम नसे, म्हणून घागरीपाशी मुलगी बसे आणि फळ्यापाशी मुलगा.

२०१६ साली पुन्हा तीच दशा. एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला हुकूम करावा लागला की मद्याच्या कारखान्यांचे पाणी साठ टक्क्यांपर्यंत तोडा, इतर कारखान्यांचे पंचवीस टक्के तोडा. आम्ही विचारतो, यासाठी हायकोर्ट कशाला लागावे? पिण्याचे पाणी आधी की बिअर आधी, हा प्रश्न चौथीच्या मुलाला घातला तर तो हसेल.

इथे विरुद्ध बाजूचे एक म्हणणे मान्य केले पाहिजे, नाहीतर आमचाही तराजू खोटा ठरेल. बिअरच्या कारखान्यांना लागणारे पाणी उसाच्या मानाने थोडे आहे. खरे आहे. परंतु या ‘थोड्या’ पाण्याला बारा महिने नळ असतो आणि आमच्या वस्तीला आठवड्यातून एक टँकर, हा भेद आकड्यात मावत नाही. आणि ऊस काढलाच आहे तर उसाचीच गोष्ट सांगू, कारण आमच्या शाळेत घडले ते त्याच वाटेने आले.

सातवीत एक मुलगा आहे. बाप सुतार. एके काळी पंचक्रोशीत तिफण करावी तर त्यानेच, असा त्याचा हात. लोखंडी पेरणीयंत्र आले, बैलगाडीला टायर लागले, काम सुटले. त्याबरोबर पिण्याचे लागले. शिबिराच्या आठवड्यात त्या मुलाची आई शाळेत आली, पदर डोळ्यांवर. म्हणाली, “गुरुजी, लेकराचा दाखला द्या, आम्ही ऊस तोडायला चाललो.” आम्ही म्हणालो, “बाई, तुमचे मालक तर सुतार. कोयत्यावर कशाला?” ती म्हणाली, “वाकस, पटाशी, रंधा, समदं दुकानात गेलं. मुकादमाची उचल घेतली, त्यातली निम्मी बी तिकडंच गेली.”

हिशेब करून पाहा. हा माणूस आता पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडील. त्या उसाची साखर होईल आणि साखरेमागे मळी उरेल. मळीपासून मद्यार्क निघेल, मद्यार्काची देशी दारू होईल, आणि ती बाटलीत बसून आमच्या गावच्या रस्त्यावरल्या दुकानात परत येईल. याने तोडलेल्या उसाची दारू हाच विकत घेणार आहे, आणि तीही पुढच्या वर्षीची उचल काढून. मळी अपुरी पडली की काय म्हणून २००७ साली सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आणले. धान्य म्हणजे ज्वारी, आमच्या ताटातली भाकरी. अनेक परवाने पुढाऱ्यांच्या गणगोतात गेले म्हणून पुढे मोठी ओरड झाली. ज्वारीला भाव द्या म्हणून शेतकरी ओरडत होता तेव्हा कोणी आले नाही; ज्वारी सडवून तिची दारू करा म्हणताच तिजोरी उघडली!

डायरजवळ तीन गोष्टी होत्या: पाणी, कायदा आणि बांधून दिलेले गिऱ्हाईक. त्याच तिन्ही आजच्या बाटलीवाल्याजवळ आहेत. छावणीतल्या गोऱ्या शिपायाच्या जागी आमचा सुतार उभा आहे, इतकाच फरक; आणि शिपायाला निदान पगार होता.

बायकांना मात्र हे सर्व आमच्याआधी कळले आहे. दुकान बंद करायचे तर महाराष्ट्रात मतदानाचा नियम आहे. उभी बाटली म्हणजे चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. पण बाटली आडवी करायची तर मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, गावात नोंद असलेल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून अधिक मते पडावी लागतात. ज्या गावच्या बायका दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेल्या असतात, तिथे मतदान हिवाळ्यात लावले की बाटली उभीची उभी! आमदार निवडून यायला निम्मी नोंद लागत नाही, दुकान बंद करायला मात्र हा डोंगर. हा नियम ज्याने केला त्याला गणित चांगले येत असले पाहिजे.

म्हणून मायबहिणींनो, तुमच्या गावी असे मतदान मागायचे असेल तर पाडव्यानंतर, तोडीवरून माणसे परत आल्यावर मागा, आणि यादीत मेलेल्यांची व लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावे आधी कमी करून घ्या. नाहीतर ती नावेही उभ्या बाटलीच्याच कामी येतात. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही त्यांनी आपल्या गावच्या शाळेत जावे. शिक्षकाने लिहून द्यावा. तो त्याच्या नोकरीच्या आड येत नाही.

त्या मुलाचा दाखला आम्ही अजून दिलेला नाही. त्याच्या आजीला गाठले, मुलगा हंगामभर तिच्याजवळ राहील असे ठरले आहे. जेवणाचे दुपारी शाळेत होते, रात्रीचे शेजारच्या दोन घरांनी पत्करले. बाप गेला. गावातल्या एका लोहाराने दुकानदाराकडून वाकस तेवढा सोडवून आणला आणि तो शाळेच्या कपाटात ठेवला आहे.

शिबिराच्या चालकांस आम्ही पत्र लिहिले आहे की पुढच्या शिबिरात वीस मिनिटे आम्हांस द्यावी. डायरसाहेबाचे चरित्र आम्हीही सांगू, वक्त्यांनी समोर बसावे आणि चूक दाखवावी. पत्र जाऊन तीन आठवडे झाले. उत्तर आल्यास ते याच पत्रात जसेच्या तसे छापण्यास देऊ.